पितृपक्षातलं पाकीट

मी मुक्ता. फ्रँकफुर्टजवळ एका वकीलबाईंच्या ऑफिसात काम करते. फायली लावायच्या, पत्रं टाइप करायची, अशिलाला हिंदी येत असेल तर मध्ये बसून भाषांतर करायचं. निर्वासितांचे खटले हेच आमचं रोजचं काम. त्यामुळे माझी जीभ तिखट झाली असं र्युसेल्सहाइमच्या आमच्या मराठी मंडळात म्हणतात. खरं तर ती आधीपासूनच तिखट होती. मंडळातली माणसं मात्र गोड आहेत, फार गोड, आणि ही गोष्ट त्या गोडव्याचीच आहे.

त्या वर्षी घटस्थापना नेमकी तीन ऑक्टोबरला आली. तीन ऑक्टोबर म्हणजे जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी, सगळं बंद. सकाळीच मीनलचा फोन आला. "मुक्ता, आत्ता घरी ये. परस्तूचा निकाल आलाय आणि ती काही बोलतच नाहीये."

परस्तू इराणची. पुण्यात फार्मसी शिकताना ती आणि मीनल हॉस्टेलच्या एका खोलीत राहायच्या. मीनलला कावीळ झाली, तेव्हा घरची माणसं येईपर्यंत हिनेच तिची भांडी उचलली, हिनेच तिला मुगाचं पाणी पाजलं. शिक्षण संपवून परस्तू तेहरानला परत गेली. मग तिचा भाऊ निदर्शनांत पकडला गेला. त्याला सोडा म्हणून हिने स्वतःचा चेहरा दाखवून व्हिडिओ टाकला, आणि पोलीस हिच्या दारात येण्याआधी ही जर्मनीला पोचली. इथे तिने आश्रयाचा अर्ज केला. काही महिने हाइममध्ये, म्हणजे निर्वासितांच्या वसतिगृहात काढले. मग मीनलने रीतसर परवानगी काढून तिला आपल्या घरी आणलं. ते मीनलने खरंच चांगलं केलं. मंडळाच्या गणपतीत त्याबद्दल तिचा सत्कार झाला, शाल-नारळ देऊन, आणि फोटोत सगळ्यात पुढे उल्हास उभा होता.

उल्हास म्हणजे मीनलचा नवरा. सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि जर्मन नागरिकत्वाचा अर्ज त्याने त्याच उन्हाळ्यात केला होता. त्याची आई, सुलेखाकाकू, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सून-मुलगा कामावर आणि नातवंडं शाळेत गेली की काकूंना घर खायला उठायचं. परस्तूला मात्र मोडकं का होईना, मराठी यायचं. काकूंनी तिच्या नावाचा दोन दिवसांत फडशा पाडला आणि तिची पारू केली. पारू त्यांना वाती वळून द्यायची, त्या पारूच्या केसांना तेल लावायच्या. घरावरून विमान गेलं की दोघी खिडकीत जायच्या.

मी पोचले तेव्हा देव्हाऱ्याजवळ घट बसला होता. शिऱ्याचा वास सुटला होता. परस्तू जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर पिवळं पाकीट होतं. त्या पाकिटाच्या एका कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं होतं.

पिवळं पाकीट म्हणजे काय ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी निकाल त्यातूनच येतो. पोस्टमन ते पत्रपेटीत टाकताना त्याच्यावर तारीख लिहितो आणि त्या तारखेपासून मुदत चालू होते. अर्ज नाकारला असेल, तर कोर्टात दाद मागायला दोन आठवडे. तुम्ही पाकीट उघडलं की नाही, हे कोणी विचारत नाही.

मी तारीख पाहिली. पितृपक्ष लागला त्याच दिवसाची होती.

"काकू, हे होतं कुठे?"

"अगं, देवापाशी. कुठे असणार?" काकूंचा चेहरा अजून आनंदाने फुललेला होता. बिचाऱ्यांना काहीच कळलं नव्हतं. "पारू रोज म्हणायची ना, काकू, पिवळं पाकीट येईल, त्यात माझा निकाल असेल. सकाळी पेटीत दिसलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. पितृपक्षात कुणी शुभ काम करतं का? सांगितलं असतं तर पोरीने लगेच फोडलं असतं. म्हणून कुणालाच बोलले नाही. देवांच्या पाटाखाली ठेवलं. आज घट बसला, हळदकुंकू वाहिलं नि दिलं तिच्या हातात. आता चांगलंच होणार."

परस्तू संध्याकाळी तिच्या अर्ध्या वेळच्या कामावरून आली की रोज पत्रपेटी उघडून बघायची. पेटी रोज रिकामी असायची. पितृपक्षही पंधरवड्याचा आणि मुदतही पंधरवड्याची. आदल्या रात्री, सर्वपित्री अमावस्येला, बाराच्या ठोक्याला दोन्ही संपले होते. निकाल नकाराचाच होता.

हे मी काकूंना सांगितलं. हळुवारपणे सांगायला हवं होतं म्हणतात. तसं सांगणं मला येत नाही. काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग घटाकडे, आणि खाली बसून त्या परस्तूचे पाय धरायला गेल्या. परस्तूने त्यांचे हात वरच्यावर धरले. "काकू, नका ना असं," म्हणाली, आणि मग ती रडली. मला वाटलं, संपलं नाही अजून. इतकं प्रेम असलेल्या घरात एक साधी सही मिळायला काय हरकत आहे?

कारण एक दार उघडं होतं. स्वतःची काही चूक नसताना एखाद्याची मुदत हुकली, तर इथलं कोर्ट त्या माणसाला परत मुदतीच्या आत नेऊन उभं करतं, जणू उशीर झालाच नाही. अट एकच. चूक तुमची नव्हती हे पटवून द्यायचं. आमच्या वकीलबाई, फ्राऊ हाइनेमान, म्हणाल्या, "त्या आजींचं शपथेवरचं निवेदन आण. ते असेल तर आपण जिंकू. मग न्यायाधीश तिचं इराणचं सगळं ऐकतील."

सोमवारी मी निवेदन मराठीत आणि जर्मनमध्ये टाइप करून घेऊन गेले. दार उल्हासने उघडलं. कोपऱ्यातली काकूंची मोठी बॅग नव्हती.

"आई गेली. काल रात्रीच्या फ्लाइटने. तिला इथली थंडी सोसेना."

थंडी! ऑक्टोबरचा पहिला आठवडा, बाहेर पोरं टी-शर्टात फिरत होती.

"उल्हास, त्यांचं तिकीट दिवाळीनंतरचं होतं."

"आल्झो, हे बघ मुक्ता, बस जरा. शांतपणे बोलू." त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. आमच्या लोकांना कुठलंही संकट आलं की आधी गूगल करायचं असतं. "हे वाच. उर्कुंडन-उंटरड्र्युकुंग. दुसऱ्याचा कागद दडवणं. पाच वर्षांपर्यंत कैद आहे याला. आई स्वतःच्या सहीने लिहून देणार की मी पत्र दडवलं? आणि पत्ता कुणाचा? माझा. माझी आइनब्युर्गरुंगची, नागरिकत्वाची फाइल सध्या कुठल्या टेबलावर आहे माहितीये तुला?"

"तो गुन्हा मुद्दाम नुकसान करणाऱ्याला लागतो. काकूंनी देवापुढे ठेवलं. त्यांना कोणी हातही लावणार नाही. फ्राऊ हाइनेमान लिहून देतील."

"गेनाऊ, बरोबर. त्या लिहून देतील, आणि उद्या काही झालं तर निस्तरणार कोण? मी." त्याने लॅपटॉप मिटला. "आम्ही तिच्यासाठी कमी केलंय का? सांग ना. जेवण, राहणं, सगळं. आता आमचंच घर पणाला लावायचं?"

परस्तू आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं. त्याच आठवड्यात तिने आपलं सामान उचललं आणि ती हाइममध्ये परत गेली. जा म्हणून तिला कोणी सांगितलं नाही. आमच्यात असं तोंडावर सांगत नाहीत.

मीनल मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आली. "उल्हासचं सोड," म्हणाली. "पाकीट देव्हाऱ्यातून निघालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मला कोर्टात बोलावू देत. मी सांगेन. माझ्या लेकीची, अन्वीची शपथ." तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की मी त्या बाईवर विश्वास ठेवला.

काकूंच्या निवेदनाशिवायच आम्ही दावा लावला, आणि तारीख लागायला वसंत उजाडला. मधल्या काळात परस्तू दर शनिवारी माझ्या घरी यायची आणि आम्ही तयारी करायचो. भाऊ कधी पकडला, व्हिडिओ कुणी पाहिला, शेजारच्या बाईला पोलिसांनी काय विचारलं. ती बोलायची, मी न्यायाधीश होऊन उलट विचारायची. भावाला तुरुंगात शेवटचं भेटली तो प्रसंग सांगताना ती पहिल्यांदा अडखळायची. मग सराव करून करून तोही न अडखळता सांगायला लागली.

सुनावणीच्या थोडं आधी कोर्टाकडून एका पत्राची प्रत आली. पत्र पुण्याहून थेट न्यायाधीशांना लिहिलेलं होतं. अक्षर काकूंचं, भाषा उल्हासची. "मी मुलाकडे असताना कोणाच्याही टपालाला हात लावला नाही. त्या मुलीचे पत्र मी पाहिलेले नाही." वर मधोमध, आपण घालतो तसं, "॥ श्री ॥". फ्राऊ हाइनेमाननी ते माझ्यापुढे ठेवलं. आमच्या फायलीसाठी त्याचं जर्मन मीच केलं. त्या दिवशी मला इतका संताप आला की ऑफिसच्या स्वयंपाकघरात जाऊन मी कप आपटून फोडला. कप माझाच होता.

मी पुण्याला फोन केला. काकूंनी उचलला. "काकू, हे काय लिहिलंत?" त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "मुक्ता, माझा एकुलता एक मुलगा आहे गं. तो म्हणाला, आई, पोलीस मला नेतील. पारूसाठी मी रोज दिवा लावते, सांग तिला." मी फोन ठेवून दिला.

न्यायाधीश पन्नाशीचे होते, आवाज मऊ. इतका सभ्य माणूस मी कोर्टात क्वचितच पाहिला आहे. परस्तूला फारसी दुभाषी दिला होता. तिला त्याची भाषा नीट समजते का, हे त्यांनी दोनदा विचारलं. पाणी मागवलं. मध्येच थांबायचं असेल तर निःसंकोच सांगा म्हणाले. मग म्हणाले, "आज आपल्याला आधी एकच प्रश्न सोडवायचा आहे. पत्र उशिरा का मिळालं? तो सुटला की पुढचं ऐकू."

परस्तूने सांगितलं. मग मी सांगितलं, काकूंच्या तोंडून जे ऐकलं ते शब्दन् शब्द. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

"पाकीट त्या पाटाखाली असताना तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही. पण काकूंनी मला..."

"आणि तुमचा पगार अर्जदाराच्या वकिलांकडून येतो?"

"हो."

"आभारी आहे."

फ्राऊ हाइनेमाननी पाकीट पुढे केलं. हळदकुंकवाचा डाग अजून दिसत होता. न्यायाधीशांनी चष्मा काढून तो निरखला आणि विचारलं, हा डाग कोणत्या दिवशी पडला हे यावरून कळतं का? डागावरून दिवस कसा कळणार! मग त्यांनी काकूंच्या पत्रावर बोट ठेवून मला विचारलं, "हे वर काय लिहिलं आहे?" देवाचं नाव, मी म्हणाले. खोटं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. "म्हणजे देवाला स्मरून लिहिलं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तशी नोंद केली. ते तर आम्ही वाण्याच्या यादीवरही लिहितो, असं मी सांगायला लागले, पण त्यांनी हात वर केला. तो प्रश्न मला विचारलेला नव्हता.

मग उल्हास. नवीन सूट घालून आला होता. न्यायाधीशांनी त्याला त्याचे हक्क समजावून सांगितले, अगदी शाळेतल्या मुलाला सांगावं तसे, घाई न करता. "तुमच्या उत्तरामुळे तुमच्या आईवर काही कारवाई होण्याची शक्यता असेल, तर तुम्ही बोलायला बांधील नाही. कारण द्यायची गरज नाही. तुम्ही गप्प राहिलात, यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढणार नाही."

कायदा अगदी असाच आहे. तो चांगला कायदा आहे. आईविरुद्ध बोलायची सक्ती मुलावर होऊ नये म्हणून केलेला. उल्हासने पाठ केलेलं जर्मन वाक्य म्हटलं, मी साक्ष देण्यास नकार देतो, आणि तो बाकावर जाऊन बसला.

मग मीनल. मी परस्तूकडे पाहिलं. ती पुढे झुकून बसली होती आणि मीनलकडे इतक्या भरवशाने बघत होती की मला तिचे डोळे झाकावेसे वाटले. न्यायाधीशांनी मीनललाही तेच सगळं सांगितलं, सासूलाही ते लागू आहे म्हणाले. "घाई नाही," ते म्हणाले. "पाहिजे तर आपण पाच मिनिटं थांबू."

"नको," मीनल म्हणाली. मग तिने बाकावर बसलेल्या उल्हासकडे पाहिलं. परस्तूकडे नाही पाहिलं. "मलाही बोलायचं नाही."

हे ती जर्मनमध्ये म्हणाली. दुभाष्याने ते फारसीत सांगायला तोंड उघडलं, तर परस्तूने त्याला हातानेच थांबवलं. तिला समजलं होतं.

सुनावणी संपली. इराण हा शब्द त्या खोलीत उच्चारला गेला नाही. महिनोन्महिने पाठ केलेलं सगळं परस्तू तसंच घेऊन बाहेर आली. भावाबद्दल तिला कोणी एकही प्रश्न विचारला नाही.

कॉरिडॉरमध्ये मीनल धावत आली. डोळे लाल. हातात स्टीलचा डबा. "परस्तू, सांजा आहे. तुला आवडतो ना. सकाळी उठून केला." सकाळी उठून! म्हणजे काय करायचं ते सकाळीच ठरलं होतं. आधी सांजा, मग तोंडाला कुलूप. मी त्या डब्यावर फटका मारणार होते, पण परस्तूने तो घेतला. "थँक यू," म्हणाली. पुण्यात राहून शिकलेली रीत तिच्या अंगात मुरली होती. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी तो डबा तिने माझ्याकडे दिला. लखलखीत घासलेला आणि रिकामा.

"तिला असाच दे," म्हणाली. "साखर घालू नकोस."

मी तो तसाच दिला. मीनलने झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं.

निकाल आला. सविस्तर, मुद्देसूद, सभ्य. अर्जदाराच्या म्हणण्याला आधार नाही. वकिलांच्या कर्मचारी महिलेचं कथन पुरेसं विश्वासार्ह वाटत नाही. वृद्ध साक्षीदाराचं लेखी निवेदन गांभीर्याने, देवाला स्मरून केलेलं आहे. तांबड्या डागाला पुरावा म्हणून मूल्य नाही. दावा मुदतीबाहेरचा, म्हणून अर्जदाराच्या मायदेशातल्या परिस्थितीचा विचार करण्याची आवश्यकता नाही. फ्राऊ हाइनेमाननी वर दाद मागितली, ती फेटाळली गेली. नव्याने अर्ज करायचा तर नवीन काहीतरी घडलेलं लागतं. नवीन काही घडलं नव्हतं. भाऊ जुन्याच तुरुंगात होता.

ऑगस्टमध्ये एका पहाटे पोलीस हाइममधून तिला घेऊन गेले. विमान फ्रँकफुर्टहूनच सुटलं. म्हणजे ते र्युसेल्सहाइमवरून गेलं असेल, त्या खिडकीवरून. संध्याकाळी तिचा मेसेज आला, मराठीत. "उतरले. पासपोर्ट बघतायत." मी लगेच लिहिलं, कुणी घ्यायला आलंय का? माझ्या मेसेजवर एकच टिक आली. ती अजून एकच आहे.

सप्टेंबरात मंडळाच्या ग्रुपवर उल्हासचा फोटो आला. देव्हारा, समई, आणि देवांपुढे नागरिकत्व मंजूर झाल्याचं पत्र, हळदकुंकू वाहिलेलं. बाजूला फाडलेलं पाकीट. खाली लिहिलं होतं, "आजच सकाळी पत्रपेटीत आलं! तुम्हा सर्वांच्या शुभेच्छांमुळे!" टाळ्यांचा पाऊस पडला. पुण्याहून काकूंनी लिहिलं, "देवाची कृपा." मीनलने हात जोडले होते.

मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पितृपक्षातली पंचमी होती.